वळणापलीकडची शिट्टी

मेहुण्याशी बोलायचं नाही, हा पण मुकादमाने दोन महिने पाळला होता. साहेबांनी नेमकी त्याच दोघांची जोडी लावली आणि वळणावरची झाडी काढायला पाठवलं. मुकादम अलीकडे, मेहुणा पलीकडे, मध्ये डोक्यापेक्षा उंच माजलेली घाणेरी. सकाळी कापलेल्या फांद्या अर्ध्या रस्त्यावर पडल्या होत्या आणि कापणारी माणसं ट्रॅक्टर आणायला गेली होती. तोवर एका वेळी एकाच बाजूची वाहनं सोडायची. वळणामुळे एकमेकांना दिसायची सोय नाही, फोनला रेंज नाही. राहिली शिट्टी. एक लांब म्हणजे थांब, दोन तोकड्या म्हणजे रस्ता मोकळा, तुझी वाहनं सोड.

मेहुणा कामावर गाडीत झोपतो, हे मुकादमानेच साहेबांच्या कानावर घातलं होतं. तेव्हापासून मुकादमाची बायको नवरा आणि पाठचा भाऊ यांच्या कात्रीत सापडली होती. आज दुपारी ती स्कूटरवरून स्वतः इथे येणार होती. "दोघांना समोरासमोर बसवते आणि बघतेच," असं सकाळी बजावून ठेवलं होतं तिने. मुकादमाला तिची धास्ती होती, आणि जगात जीव काय तो तिच्यावरच होता.

पलीकडून दोन तोकड्या शिट्ट्या आल्या. मुकादमाने हातातल्या लाल-हिरव्या पाटीची हिरवी बाजू वाहनांकडे फिरवली आणि दुधाचा टेम्पो सोडला. लगेच ब्रेक किंचाळले. तो धावला, तर वळणात टेम्पो आणि ट्रक नाकाला नाक लावून उभे, मध्ये जेमतेम वीतभर अंतर. दोन्ही ड्रायव्हर एकमेकांच्या खानदानाचा उद्धार करत होते. पलीकडून मेहुणाही धापा टाकत आला.

"दोन का वाजवल्यास?"

"मी? दोन तुम्ही वाजवल्यात, दाजी! म्हणून तर ट्रक सोडला."

"झोपेत वाजवल्या असशील."

"माझी झोप काढू नका. दोन वर्षं ही झाडी तुम्ही कागदावरच तोडलीत. वळण दिसेना म्हणून तिघं मेली इथं."

खरं होतं, म्हणूनच ते मुकादमाला मिरचीसारखं झोंबलं. ट्रक मागे घेऊन वाट मोकळी करेपर्यंत दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. वारा पडला होता, तरी घाणेरीची आतली पानं हळूहळू हलत होती, आणि कापलेल्या बुंध्यांचा उग्र वास घशात बसत होता.

"आता दोन नाही, तीन," मुकादम दातओठ खात म्हणाला. "तुझ्यामाझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही."

तो आपल्या जागी परतला. एक बस येऊन थांबली. थोड्या वेळाने तीन शिट्ट्या वाजल्या.

मुकादमाने पाटी फिरवायला हात उचलला आणि तसाच धरून ठेवला. शिट्टी वळणापलीकडून आली नव्हती. ती जवळून आली होती... पानांच्या आतून, त्याच्या छातीच्या उंचीवरून.

"वाजली ना शिट्टी!" बसचा ड्रायव्हर ओरडला. "सोडा की, मुहूर्त बघताय का?"

"थांबा जरा. बघून येतो."

पाटी घेऊन तो पायीच वळणात शिरला. निम्म्या वाटेवर समोरून मेहुणा चालत येताना दिसला.

"जागा सोडून इकडे कुठे?"

"ताईने बोलावलंय. म्हणाली, मी पुढे होते, तू मागून ये, दोघांना एकदमच झापते." त्याने मुकादमाच्या मागे डोकावून पाहिलं. "कुठाय ती?"

"कुठाय म्हणजे?"

"तुम्ही तीन वाजवल्यात, तेव्हाच सोडली तिला. ट्रक थांबवूनच ठेवलाय."

"मी... मी एकदाही वाजवली नाही रे."

रस्ता मोकळा होता. एका हाताला डोंगराचा उभा कडा, दुसऱ्या हाताला झाडी, मध्ये कुठे फाटा नाही. तेवढ्यात त्यांना ऐकू आलं. झाडीत खूप आत स्कूटरचं इंजिन चालू होतं. एवढी स्कूटर आत गेली, पण काठाची एक काडीही मोडली नव्हती.

"ताई!" मेहुण्याने पाटी टाकली आणि नुसत्या हातांनी फांद्या ओरबाडायला लागला. मुकादमही झाडीला भिडला. काटे तळव्यात घुसत होते, एक फांदी मोडावी तर मागे दुसरी हाताला लागत होती. "अगं, ओ दे... एकदा ओ दे गं!" मुकादम रडत ओरडत होता. दोन महिन्यांचं वैर त्या घटकेला कुणाला आठवतंय! दोघे खांद्याला खांदा लावून झाडी फाडत होते.

इंजिन बंद पडलं. दोघांनी श्वास रोखला.

मग आतून, सावकाश आणि अगदी स्पष्ट, तीन शिट्ट्या वाजल्या.

टोकांना आता कुणीच उभं नव्हतं. दोन्ही पाट्या त्यांच्या पायाशी पडल्या होत्या. मुकादम दोन्ही हात वर करून रस्त्याच्या मधोमध धावला, तोच त्याला मागून बसचा गियर पडल्याचा आवाज आला, आणि समोरून ट्रकचा.