नामकरणाचा फोटो

जीवन ओव्हाळने फोटो टेबलावर ठेवला आणि पुढे सरकवला.

"ही माझी बहीण, ज्योत्स्ना. हा फोटो काढल्यावर अकराव्या दिवशी ती गेली. कावीळ झालती म्हणतात. ताई, ह्या चेहऱ्यावर कुठं कावीळ दिसती का?"

मायाताई गायसमुद्रे फोटो घेऊन खिडकीपाशी गेल्या. बोटांचे ठसे तपासणाऱ्या सरकारी विभागात वीस वर्षं काढून त्यांनी बीडच्या बसस्थानकामागे खासगी तपासाचं ऑफिस थाटलं होतं. सोबतीला संगमेश्वर होता. त्याचं कापडाचं दुकान बंद पडलं, तेव्हापासून तो त्यांची गाडी चालवी आणि टिपणं लिही.

फोटोत पंधरा दिवसांचं बाळ मांडीवर घेऊन बसलेली ज्योत्स्ना गव्हाळ, टवटवीत दिसत होती. शेजारी तिचा नवरा सुग्रीव. त्याचा चेहरा मात्र काळवंडलेला. मागे बुद्धमूर्तीचं टेबल, वर मंडपाचं कच्च्या लिंबाच्या रंगाचं कापड.

जीवनचा माजलगावात फोटो स्टुडिओ होता. आईवडील दोघंही नव्हते, म्हणून बहिणीचं बाळंतपण युसूफ वडगावला सासरीच झालं. नामकरणाचे फोटो काढायला तो स्वतः गेला होता. रविवारी कार्यक्रम, त्यानंतरच्या दुसऱ्या बुधवारी ती अंबाजोगाईच्या दवाखान्यात बेशुद्ध पोचली, गुरुवारी गेली. सासूने काहीतरी पाजलं, असा त्याचा संशय होता. तसा अर्जही त्याने पोलिसांत दिला होता.

"फोटोत रंग बदलू शकतो," मायाताई म्हणाल्या.

"माझ्या न्हाई बदलत." जीवनने खिशातून तळहाताएवढं राखाडी कार्ड काढलं. "पयल्या फोटोत हे कार्ड धरायला लावतो. उजेड पिवळा असो का निळा, हे राखाडी दिसलं पाहिजे. त्याच्यावरून मग बाकीचे रंग लावतो. त्या दिवशी कार्ड ज्योत्स्नाच्याच हातात दिलतं."

"हा फोटो सासरच्यांना तुम्हीच पाठवलात?"

"शनिवारी. चांगला आलता, म्हणून पाठवला."

तो गेल्यावर संगमेश्वर फोटो न्याहाळत बसला. "ताई, बौद्ध नामकरणाला बाळंतीण पांढरी साडी नेसते ना? ही आसमानी हाय. लई फिकी, पण आसमानी. तीस वर्षं कापड विकलंय मी."

मायाताईंनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी निघायचं ठरलं.

अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी कागद समोर ठेवूनच सांगितलं. विषाचं काही लक्षण नव्हतं. दूषित पाण्यातून होणारी कावीळ, यकृत निकामी. डोळे हळदीसारखे पिवळे होते, आणि तो पिवळेपणा दहाबारा दिवसांचा तरी असणार. फोटोविषयी विचारलं तेव्हा त्यांनी खांदे उडवले.

"म्हणजे डॉक्टर तरी खोटं बोलतोय, न्हाईतर फोटो," गाडीत संगमेश्वर म्हणाला. "मला वाटतं, फोटो त्या दिवसाचा न्हाईच. साडी दुसरी, दिवस दुसरा."

"बाळाचा जन्म कधीचा?"

त्याला चूक कळली. बाळ फोटोत होतं आणि त्याच्या अंगावर नामकरणाचं झबलं होतं.

युसूफ वडगावात वत्सलाबाई, ज्योत्स्नाच्या सासूबाई, नातवाला मांडीवर घेऊन बाटलीने दूध पाजत होत्या. फोटो हातात दिल्यावर त्यांनी तो अगदी डोळ्याजवळ नेला, मग लांब धरला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. सगळं पिवळट, धुरकट दिसतं, म्हणाल्या.

मायाताईंनी साडीचं विचारलं. वत्सलाबाईंनी आतून साडी आणली. मीच केजहून घेतली, एकदाच नेसली, असं त्या म्हणाल्या. संगमेश्वरने काठ पाहिला, पदर पाहिला. फोटोतली तीच साडी होती. आणि पांढरीशुभ्र होती.

"आजारी वाटत नव्हती?"

वत्सलाबाई बाळाच्या तोंडाकडे बघत राहिल्या. "जेवण जात नव्हतं तिला. सोमवारी केजच्या दवाखान्यात न्यायचं ठरलतं."

"मग?"

"राह्यलं."

का राहिलं ते त्यांनी सांगितलं नाही. मायाताईंनी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा त्या दुधाच्या बाटलीकडे बघत बसल्या. संगमेश्वरला ते खटकलं. बाहेर येऊन तो म्हणाला की बाई काहीतरी लपवते हे नक्की.

सुग्रीव मागच्या अंगणात भेटला. वाळूजच्या कंपनीत तो कामाला होता. जीवनच्या अर्जावरून पोलिसांनी तीनदा बोलावलं, तिसऱ्या खेपेनंतर कंपनीने कामावरून काढलं. अंगणातल्या उन्हात तो चांगला गव्हाळ दिसत होता.

नामकरणाला तो शनिवारी रात्री आला होता आणि रविवारी संध्याकाळीच परत गेला. मंडपाचं कापड गर्द पिवळं, त्याच्याखाली जो तो पिवळाच दिसत होता, असं त्याने सांगितलं. नंतर फक्त फोनवर बोलणं. फोटो पाहिलात का, असं विचारल्यावर तो म्हणाला, "पाह्यला की. मीच मागून घेतलता."

"का मागितलात?"

त्याने आईकडे पाहिलं. वत्सलाबाई दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी मान हलवली, नको म्हणून. तरी सुग्रीवने खिशातून फोन काढला आणि मायाताईंच्या हातात दिला.

दोन दिवसांनी दुपारी मायाताई संगमेश्वरला घेऊन माजलगावच्या स्टुडिओत गेल्या. त्यांनी सांगितल्याप्रमाणे जीवनने नामकरणाच्या मूळ फाइली संगणकावर उघडून ठेवल्या होत्या.

"कोणी पाजलं, कळलं का?" त्याने विचारलं.

"कुणी काही पाजलं नाही. बसा. आधी पहिला फोटो काढा, कार्डाचा."

पडद्यावर ज्योत्स्ना आली. छातीशी राखाडी कार्ड धरून हसत होती. पिवळ्या मंडपाखाली सगळंच पिवळं होतं.

"आता कार्डावरून रंग लावा. फक्त कार्डावरून."

जीवनने कार्डावर क्लिक केलं. पिवळेपणा झरकन उतरला. साडी पांढरीशुभ्र झाली. टेबलावरचं कापड पांढरं झालं. शेजारचा सुग्रीव गव्हाळ झाला, अंगणात दिसला होता तसा. ज्योत्स्नाचा चेहरा तेवढा पिवळा राहिला. मायाताईंनी तिचा डोळा मोठा करायला सांगितला. बुबुळाभोवतीचा पांढरा भाग पांढरा नव्हता.

संगमेश्वरने टिपणवही मिटली.

"आता रंगाची पट्टी निळ्याकडे सरकवा," मायाताई म्हणाल्या. "तिचा चेहरा गव्हाळ होईपर्यंत."

जीवनने माउसवरचा हात काढून घेतला. मायाताईंनी स्वतः माउस घेतला. ज्योत्स्ना टवटवीत होत गेली तसतशी साडी आसमानी झाली, सुग्रीव काळवंडला, मंडप कच्च्या लिंबासारखा झाला. त्यांनी जीवनने दिलेला फोटो पडद्याला लावून धरला. दोन्ही सारखे होते.

"संगमेश्वरांनी साडीचा रंग बरोबर ओळखला होता. साडी बदललेली नव्हती, दिवसही तोच होता. डॉक्टर खरं बोलत होते. ती त्या रविवारीच पिवळी होती, आणि तुमच्या कार्डाने ते दाखवलं होतं."

"मला वाटलं कार्ड तिरपं धरलं असंल तिनं," जीवन हळू म्हणाला. "मंडपाचा पिवळा तिच्यावर जास्त पडला असंल. बाळंतीण हाय, फोटोत चांगली दिसावी. म्हणून सरकवलं."

"तेवढंच असतं तर मी इथं आले नसते. तुम्ही म्हणालात, फोटो आपण होऊन पाठवला. सुग्रीव म्हणतात, त्यांनी मागितला. वत्सलाबाईंना सून पिवळी दिसत होती. पण त्यांना मोतीबिंदू, सगळंच पिवळं दिसतं, स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा नाही. त्यांनी मुलाला फोनवर सांगितलं. मुलगा वाळूजला. त्याने तुम्हाला विचारलं, कारण तुम्ही रंगातले माणूस. तुमचं उत्तर सुग्रीवच्या फोनमध्ये आहे. मी वाचून दाखवू का?"

जीवनने नको म्हणून मान हलवली. मग त्यानेच सांगितलं, पडद्याकडे बघत. "लिवलतं मी. मंडपाचा पिवळा होता, काढून टाकला. फोटो बघा, बहीण चांगली हाय. आईला म्हणावं, आधी डोळे दाखवा."

"शनिवारी लिहिलंत. सोमवारचा दवाखाना राहिला."

बाहेर ट्रॅक्टर गेला, काचा थरथरल्या. जीवनने विचारलं की सोमवारी नेली असती तर वाचली असती का. मायाताईंनी हे डॉक्टरांनाही विचारलं होतं. ते काही सांगू शकले नव्हते. कदाचित वाचली असती, कदाचित नाही.

"तिच्या सासूबाई कावून बोलल्या न्हाईत? मी त्यांच्यावर विषाचा अर्ज दिला. तरी?"

"फोनमधलं वाचल्यावर मीही त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, 'पोराला आई न्हाई. मामा एकच हाय. त्याला हे कळलं तर तोबी ऱ्हायचा न्हाई.'"

जीवन खुर्चीतून उठला आणि परत बसला. मेसेज त्याने स्वतःच्या फोनमधून केव्हाच पुसला होता. तो लिहिला होता हे आजपर्यंत आपल्याला खरंच आठवत नव्हतं, असं तो दोनतीनदा म्हणाला. संगमेश्वरने त्याला पाणी दिलं. ते त्याने घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी जीवनने पोलिसांतला अर्ज मागे घेतला. सुग्रीवची नोकरी त्यामुळे परत आली नाही. महिन्याभरात त्याने घराला कुलूप लावलं आणि आईला, बाळाला घेऊन तो कुठेतरी कामाला निघून गेला. गावात कोणाला पत्ता ठेवला नाही.

जीवन पुन्हा बीडला आला तेव्हा त्याने दाढी केलेली नव्हती. भाच्याला एकदा बघायचं, एवढंच तो म्हणाला. मायाताईंनी चार दिवसांत पत्ता काढला आणि आधी तिकडे फोन केला. फोन सुग्रीवने उचलला. सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, "आई म्हणंल, येऊ द्या त्याला. आईचं नका ऐकू, ताई. त्याला इथला पत्ता सांगू नका."

मागून बाळाच्या रडण्याचा आवाज येत होता. वत्सलाबाई त्याला काहीतरी म्हणून उगी करत होत्या.

मायाताईंनी जीवनला पत्ता लागला नाही, असं कळवलं. तो दर आठवड्याला विचारायला येतो. संगमेश्वर त्याला चहा देतो आणि अजून काही कळलं नाही, असं सांगतो.