वाळवणाच्या जागेचा अर्ज

सकाळी साडेनऊला ग्रामसेविका निशाने कपाट उघडलं आणि ती थबकली. अर्ज जागेवर नव्हता.

कुलूप शाबूत होतं. बाकीच्या फायली जशाच्या तशा. नेमका कोळीवाड्यातल्या बायकांचा अर्ज तेवढा गेला होता.

अकराला ग्रामसभा. पनवेलच्या खाडीकाठच्या त्या गावाचा विकास आराखडा आज मंजूर व्हायचा होता. कार्यालयाच्या खिडकीतून ती जागा दिसत होती: बांबूंवर वाळणारे बोंबील, कडेला प्रणितची नवी पत्र्याची शेड. आराखड्यात तिथे वाहनतळ होता. त्यावर बायकांची एकच लेखी हरकत होती: हा अर्ज.

कोळीवाड्याची सगळी लिखापढी प्रणित करायचा. अर्ज त्यानेच लिहिला, साठ सह्या-अंगठे घेऊन काल दुपारी आणून दिला. संध्याकाळी निशा कपाट बंद करत असताना म्हातारी वेणू एकटीच आली. "प्रनितला मोजनीचं लिव म्हनलं, तर तो उद्या लिवतो म्हंतो. तुमी लिवा." निशाने अर्जावर तिचा अंगठा घेतला आणि शेजारी ओळ लिहिली: 'जागेची सरकारी मोजणी करावी.' मग वेणूला तिच्या लेकीकडे, आपट्याला जाणाऱ्या रिक्षात बसवून दिलं.

अर्जाची आवक नोंद मात्र निशाने सकाळवर ढकलली होती. आता ते अंगाशी येणार होतं.

"भगवान, कपाटाची दुसरी चावी कुठे असते?"

शिपायाचा चेहरा उतरला. "खिळ्याला, मॅडम. सात वाजता हापिस उघडलं, चावी अडकवली नि पानी सोडायला गेलो."

"किती वेळ?"

"अर्धा तास. पन तवा सगळं गाव नळावर असतं."

"चावी तिथे असते हे कोणाला माहीत आहे?"

"कोनाला नाय?"

इतक्यात सरपंच हितेश आला. वाहनतळाची सूचना त्याचीच.

अर्ज गेल्याचं सांगून निशाने विचारलं, "सात वाजता कुठे होतात?"

"माझ्यावर संशय? घरी होतो. आणि बहुमत माझ्याकडे आहे, मॅडम. पन्नास-साठ बायकांचा अर्ज मी कशाला चोरू?"

बोलणं खरं वाटत होतं. पण तो सारखा घड्याळाकडे बघत होता, आणि ते निशाला खटकलं.

बाहेर गलका झाला. अर्ज गेल्याचं ऐकून कोळीवाड्यातली भीमाबाई बायकांना घेऊन आत घुसली. मागे तिचा भाचा प्रणित.

"सरपंचानंच लपवलाय आमचा अर्ज!"

"मावशी, किती जणींची नावं होती?" निशाने विचारलं.

"साठ. मी सोता मोजल्यात."

"आत्या, थांब जरा," प्रणित म्हणाला. "मॅडम, तास आहे अजून. मी नवा अर्ज लिहितो. एकसष्ट सह्या परत घ्यायला कितीसा वेळ?"

निशाने पेन खाली ठेवलं.

"काल तुम्ही किती आणल्या होत्या?"

"साठ..." तो बोलता बोलता थांबला.

"एकसष्टावा अंगठा वेणूआजीचा. तो उठला तेव्हा खोलीत मी आणि ती, दोघीच. ती तिथूनच आपट्याला गेली, तिच्याकडे फोन नाही. मी कोणाला बोलले नाही. म्हणजे माझ्यानंतर तो कागद ज्याने पाहिला, त्यालाच हा आकडा माहीत."



"वाहनतळ तुम्हालाही नकोच होता. तुम्हाला भीती मोजणीची. तुमची शेड त्या जागेत शिरलीय. नव्या अर्जात तेवढी ओळ आली नसती. मला पोलिसांना बोलवायला लावू नका. अर्ज कुठे आहे?"

प्रणितने भगवानकडे स्कूटरची चावी दिली. डिकीत घडी केलेला कागद निघाला.

"सकाळी वेणूआजीच्या दाराला कुलूप दिसलं," तो पुटपुटला. "ती इकडे येऊन गेली असेल, वाटलं. नुसतं बघायला आलो होतो, आत्या. दहा फूट आत आहे फक्त. शेड पडली तर धंदाच बसेल."

भीमाबाईने त्याच्याकडे पाहिलं.  मग तिने भगवानच्या हातून अर्ज घेतला, पदराने चेहरा पुसला आणि सभेच्या मांडवाकडे चालू लागली. हितेश काही बोलणार होता, पण बायकांनी त्याला वाटच दिली नाही.

सभेत ती पहिलीच उभी राहिली.

"आदी मोजनी करा," ती म्हणाली.  "माझ्या भाच्याच्या शेडपासून सुरू करा. शेड आमच्या जागेत निघाली तर पयला पत्रा मी काढीन. पन तवर या जागेवर कोनी रेघ मारायची नाय."

मांडवात सगळ्यांत आधी हात वर गेला तो प्रणितचा.