दोनशे बारा गाठी

मोबाइल खाली ठेवा आधी. भूतबित मी मानत नाही, हे पहिलंच सांगतो. पण ही गोष्ट मी यादीमास्तरच्या तोंडून ऐकली आहे, आणि तो काही थापा मारणारा माणूस नव्हे. थापा मारायलाही थोडी कल्पना लागते. त्याच्याकडे नुसत्या याद्या!

जुनी कागदपत्रं सांभाळायची जी रेकॉर्ड रूम, तिचा तो प्रमुख. मी तिथल्या वह्या शिवून द्यायचो, म्हणून ओळख. त्याचं एकच म्हणणं: यादीत आहे ते खरं, यादीत नाही ते नाहीच. बायको चिडवायची, "आपलं लग्न आहे ना हो यादीत? एकदा बघून घ्या."

सहा वर्षांपूर्वी एका बंद पडलेल्या प्रसूतिगृहाची कार्डं त्याच्याकडे आली. बायका तिथे गुपचूप बाळंत व्हायच्या आणि बाळ ठेवून निघून जायच्या. आईचं कार्ड वेगळं, बाळाचं वेगळं, कोण कुणाचं ते कुठेच लिहायचं नाही, असा तिथला नियम. पण पेट्या उघडल्या तर काय! दोन-दोन कार्डं पांढऱ्या दोऱ्याने एकत्र बांधलेली. अशा दोनशे बारा जोड्या. तिथल्या म्हाताऱ्या आयाने आयुष्यभर एकेक करून बांधलेल्या.

ती आया स्वतः ऑफिसात आली होती. हात जोडून म्हणाली, "साहेब, ही पोरं माझ्या हातावर जन्मली. कोण कुणाचं, मला ठाऊक आहे. सोडवू नका."

"तुमची सही कुठंय?" मास्तर म्हणाला. "यादीत दोन वेगळे गठ्ठे लिहिलेत. मी यादीप्रमाणेच ठेवणार."

आणि कात्री घेऊन सगळे दोरे कापले की राव त्याने! तिच्यादेखत. महिन्याभरात म्हातारी गेली. मास्तरला त्याचं काहीच वाटलं नाही. काम चोख केलं होतं ना!

आता मागच्या वर्षीचं ऐका. नोव्हेंबरची अकरा तारीख, मंगळवार. दुपारी एक निवृत्त शिक्षिका आल्या. साठी उलटलेली, ओठ निळसर, बोलताना दम लागत होता. "त्या प्रसूतिगृहातली मी. बाळ नंबर एकशे अठरा. उद्या सकाळी आठला इथल्याच मोठ्या हॉस्पिटलात हृदयाचं ऑपरेशन आहे माझं. आईचं नाव तेवढं सांगा. तिथे आडवं झाल्यावर हाक कुणाला मारू मी?"

मास्तरने यादी पुढे केली. "बाई, यात जोडी लिहिलेलीच नाही."

बाईंनी पर्स उचलली आणि निघून गेल्या. मास्तर मात्र रात्री ताट तसंच सारून उठला. तो हाकेचा प्रश्न डोक्यातून जाईना.

पावणेअकराला फाटकावरच्या वॉचमनचा फोन आला. "साहेब, रेकॉर्ड रूमचा दिवा चालू राहिलाय." ऑफिस दोन गल्ल्या पलीकडे. मास्तर स्वेटर चढवून निघाला. कुलूप काढलं, दिवा बंद केला, दार ओढणार, तेवढ्यात आतून आवाज आला.

कट्.

शिवणाऱ्या बाया दोरा दाताने तोडतात ना... तसा.

मास्तरने दिवा लावला. खोलीत कुणी नाही. कपाटं बंद. पण मघाशी मोकळं असलेलं टेबल... त्यावर दोन कार्डं. पांढऱ्या दोऱ्याने बांधलेली. वरच्या कार्डावर नंबर होता, एकशे अठरा.

मास्तरचं डोकंच फिरलं. बाईंची दया येऊन कुणीतरी खोटी जोडी जमवली, असं वाटलं त्याला. रेकॉर्डमध्ये खोटं! त्याने ड्रॉवरमधून कात्री काढली. पातं दोऱ्याखाली घातलं...

"पुन्हा...?"

मागून. अगदी कानाशी.

मास्तर हलला नाही. वळला नाही. आवाज ओळखला होता त्याने. हातातली कात्री हळूच खाली ठेवली.

"आयाबाई... चुकलो मी."

त्याने कात्री टेबलावरून दूर सारली.

"बाकीच्या...? बाकीच्या जोड्या कुणी लावायच्या...?"

त्याने एकशे अठराची जोडी दोन्ही हातांत धरली.

"मला आठवत नाही हो... कोण कुणाचं..."

हळूहळू दूर जाणारी पावलं... भिंतीपर्यंत. आणि तिथून पुढेही.

पहाटेपर्यंत तो खुर्चीतच बसून होता. साडेसातला हॉस्पिटलात पोचला. बाईंना स्ट्रेचरवरून नेतच होते. त्याने वाकून कानात आईच्या कार्डावरचं नाव सांगितलं. बाईंनी त्याचं बोट घट्ट धरलं, ते नाव दोनदा पुटपुटलं, आणि दार बंद झालं. वाचल्या बाई, काळजी करू नका. चांगल्या हिंडतात फिरतात.

मास्तरचं मात्र काही खरं नाही. यादीत त्या जोडीपुढे त्याने "आयाबाईंनी सांगितल्यावरून" असं लिहून खाली सही ठोकली. पण दोनशे अकरा उरल्या ना! रोज रात्री टेबलावर दोऱ्याचं रीळ ठेवून बसतो. दिवाही बंद करतो. तो आवाज पुन्हा काही आला नाही. अजूनही कुणीकुणी येतं, नंबर सांगतं, आईचं नाव विचारतं. हा मान खाली घालतो.

आणि ती एकशे अठराची जोडी त्याने मला मुद्दाम दाखवली. दोऱ्यातलं मला कळतं म्हणून. साधा सुती दोरा. टोक दाताने तोडलेलं. वर्ष होत आलं. मास्तरने उन्हात धरून पाहिलं, पंख्याखाली ठेवून पाहिलं. मी बोट लावून बघितलं...

टोक अजून ओलं आहे.