‘आम्ही येतो’

बसा जरा, सांगते. पण मध्येच "भास झाला असेल" म्हणायचं नाही. ते श्रीधरनं म्हणून झालंय.

श्रीधर म्हणजे आमचा साहेब. ऑफिस रामदासपेठेत. अंत्यविधीला किती खर्च येईल, हे घरबसल्या सांगणारी आणि सामान, माणसं घरी पाठवणारी वेबसाइट आम्ही बनवत होतो आणि तिच्यावरचं लिखाण माझ्याकडे होतं. "बजेट निवडा" खोडून मी लिहिलं, "घाई नाही. सुचेल तसं सांगा." ज्याच्या घरातलं माणूस गेलंय त्याला बजेट काय विचारता, कप्पाळ! शेवटी लिहिलं, "तुम्ही घरीच थांबा. आम्ही येतो."

श्रीधरनं त्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "नूपुर, मयतीच्या घरून निघताना कोणी 'येतो' म्हणत नाही. माहीत आहे ना तुले?"

"मग काय 'जातो' लिहू? काही पण!"

साइट नीट चालते का बघायला मीच माहिती भरली. पत्ता खरा हवा होता, म्हणून कन्हानचा, बाबांचा दिला. आई गेल्यापासून ते तिथं एकटेच असतात. मृताच्या नावापाशी मात्र हात थांबला. बापाचं नाव कसं टाकू? माझंच टाकलं आणि जेवायला गेले.

डबा संपत नाही तो बाबांचा फोन. आवाज अगदी हळू.

"नूपुर... तू बरी आहेस ना वं माय?"

"हो बाबा. काहून?"

"एक माणूस दारात बसून राहिला. बांबू, मडकं, सगळं घेऊन. म्हणते, पोरीले न्यायले आलो..."

मी श्रीधरवर अशी भडकले! असली थट्टा करतात का कुणाची? तो शपथा घेत राहिला, साइट अजून सुरूच झाली नाही, माणसं ठेवलीच नाहीत. माझा त्याच्या शपथेवर काडीचा विश्वास नव्हता. गाडी काढली ती थेट कन्हान. जिवंत पोरगी डोळ्यांनी दिसली की बाबांचा जीव भांड्यात पडेल, एवढंच डोक्यात होतं.

ओट्यावर कोणी नव्हतं. ओल्या बांबूचा वास मात्र येत होता. भर दुपारी दार आतून बंद.

"बाबा, मी आहे. उघडा."

आत पावलं दारापर्यंत आली आणि थांबली. बाबा कोणाशी तरी फोनवर बोलत होते. रडत होते.

"हो नूपुर... आली ती. तू म्हणालीस तशीच. तुझ्याच आवाजात बोलून राहिली..."

माझा फोन माझ्या हातात होता. मी दारावर थापा मारल्या. "बाबा, मी नूपुर! खिडकीतून तरी बघा मला!"

उत्तर आलं ते फोनच्या स्पीकरवरून. आवाज माझाच. अगदी मायेचा.

"बाबा, रडू नका. तिच्याकडे बघू नका... नेतील तिले आता."

माझ्या पाठीमागे फाटक वाजलं.

बाबांनी आतून दुसरी कडी घातली.