दोनदा दाबायचा ब्रेक

गेल्या एप्रिलमधली गोष्ट. रविवार होता. अंगणात गाडीचं बोनेट उघडून मी इंजिनचं तेल पाहत होतो, तेवढ्यात कुसुमताईचा फोन आला. कुसुमताई माझी थोरली बहीण, इथंच बुरहानपूरला राहते.

"सुधाकर, मोनालीचं लर्निंग लायसन्स आलं बरं का. आता पक्क्या लायसन्सची टेस्ट द्यायची आहे. तूच शिकव तिला गाडी."

"माझ्या गाडीवर?"

"मग कोणाच्या?" ती म्हणाली. "पोरीचीच इच्छा आहे. तिच्या पप्पांनी चालवलेली शेवटची गाडी आहे ना ती."

मी हो म्हणालो. नाही म्हणायला मला तोंड नव्हतं. का नव्हतं, ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल.

मोनालीचे वडील, जीवनदाजी, सव्वीस वर्षं शाळेची बस चालवत होते. एवढ्या वर्षांत त्यांच्या बसला साधा ओरखडा आला नव्हता. मी नेपानगरच्या शाळेत विज्ञान शिकवतो. गाडी घेतल्यापासून तिची सगळी देखभाल मी स्वतःच करायचो. प्लग, फिल्टर, कूलंट, सगळं व्हिडिओ बघून शिकलो होतो, आणि चारचौघांत ते सांगायची मला फार हौस. दाजी हसायचे. "मास्तर, गाडी वाचून कळत नाही. तिच्यात बसून कान द्यावा लागतो." ते प्रेमानंच म्हणायचे, पण मला लागायचं.

दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये माझ्या गाडीचा ब्रेक खाली बसायला लागला. पेडल दाबलं की पाय मऊ मातीत रुतावा तसा आत जायचा. लागोपाठ दोनदा दाबलं की मग ब्रेक धरायचा. ब्रेक ऑइलही कमी होत होतं, मी वरून ओतत होतो. ब्रेकला तेलाचा दाब देणारा मास्टर सिलेंडर गेला आहे हे मला कळत होतं. नववीच्या वर्गाला पास्कलचा नियम शिकवताना मी गाडीच्या ब्रेकचंच उदाहरण देतो. तरी आठ दिवस मी तसाच हिंडलो. मेकॅनिककडे नेली असती, तर दाजींना कळलं असतं.

त्याच आठवड्यात दाजी दारात आले. खंडव्याला कोणाकडे तरी शिलाई मशीन पडून होती, ती कुसुमताईसाठी आणायची होती. गाडी हवी होती. मी चावी आणून दिली. ब्रेक दोनदा दाबा, हे शब्द माझ्या जिभेवर आले होते. दाजी म्हणाले, "काय मास्तर, गाडी एकदम टकाटक ना?"

"एकदम," मी म्हणालो. आणि रेल्वेनं शाळेत निघून गेलो.

असीरगडचा घाट उतरताना दुसऱ्याच वळणावर गाडी कठडा तोडून खाली गेली. दाजी जागच्या जागी गेले. मी बातमी ऐकली तेव्हा हातात खडू होता.

पोलिसांनी मला विचारलं, ब्रेक कसे होते? मी म्हणालो, परवाच मी स्वतः तपासले होते, उत्तम होते. गाडीचं तोंड इतकं चेपलं होतं की त्यातून कोणाला काही कळणं शक्य नव्हतं. मग लोक बोलायला लागले. डोळा लागला असेल. वेगात असेल. घेतलेली असेल... ज्या माणसानं आयुष्यात कधी थेंब घेतला नाही, त्याच्याबद्दल! मोनालीला तर कॉलेजात एकीनं तोंडावर विचारलं, "तेरे पापा पिए हुए थे ना?" ती घरी येऊन रडली, तेव्हा मी तिथंच बसलो होतो. ताईनं वाढलेली खिचडी खात होतो. मी मान खाली घालून खात राहिलो.

गाडी मी दुरुस्त करून घेतली. मास्टर सिलेंडर नवा बसवला. विकायचं मात्र मला धाडस झालं नाही. दुसऱ्याच्या हाती गेली तर ती काहीतरी बोलेल, असं उगाच वाटायचं.

तर मी मोनालीला शिकवायला लागलो. फोपनारकडच्या रस्त्याला दुपारी दोन-तीनच्या सुमारास चिटपाखरू नसतं, म्हणून तीच वेळ ठरवली. ऊन असं की डांबर चाकांना चिकटून चरचर आवाज यायचा. पहिले तीन दिवस नवशिक्या जे करतात तेच तिनं केलं. क्लच एकदम सोडायची, गाडी उडी मारून बंद पडायची. "सॉरी मामा, फिर से." आम्ही दोघंही हसायचो. ती हसली की दाजींसारखी दिसते.

चौथ्या दिवशी गाडी एकदम सरळ चालली. गिअर लोण्यासारखे पडत होते. पुढं एक बैलगाडी आली, मोनालीनं वेग कमी केला, आणि मी तिच्या पायाकडं पाहिलं. तिनं ब्रेक दोनदा दाबला. एकदा हलकेच, मग लगेच पूर्ण.

"दोनदा का दाबलास?"

"असाच दाबायचा असतो ना?"

"नाही. हा ब्रेक एकदाच दाबायचा. कोणी सांगितलं तुला?"

तिनं नुसतं वरच्या आरशात पाहिलं. आरसा तिनं खाली वळवून ठेवला होता. त्यात मागचा रस्ता दिसणं शक्यच नव्हतं. मागची सीट दिसत असणार.

मी हात लांब करून आरसा सरळ केला. काही अंतरावर तिनं तो पुन्हा वळवला.

पाचव्या दिवशी तिच्या घरासमोर मी बाजूच्या सीटवर बसलो, पट्टा लावला. मोनालीनं चावी फिरवली, पण गाडी हलवेना.

"चल की."

"थांबा मामा. बसू तर द्या."

मी म्हणालो, "कोणाला?" आणि त्याच क्षणी गाडी मागच्या बाजूनं खाली दबली. जाड माणूस सीटवर टेकला की स्प्रिंग दबतात, तशी. दार उघडल्याचा आवाज नाही, लागल्याचा नाही. नुसता तो कुरकुरणारा दाब... मी मागं वळून पाहिलं. सीट रिकामी होती. रेक्झिनच्या मधोमध खोलगट खळगा पडला होता.

दुसरा कोणी असता तर उतरून पळाला असता. मी उतरलो नाही. मला वाटलं, आलेच शेवटी. पोरीला शिकवायला आले. आणि आता तिला सगळं सांगणार.

गाडी गावाबाहेर पडली. तापीच्या काठानं केळीच्या बागा लागतात तिथं रस्ता अरुंद होतो, दोन्हीकडून पानं वाकून येतात. बाहेर भगभगीत ऊन, आणि आत केळीच्या खोडांमध्ये ओला, हिरवा अंधार. वारा पडला. ठिबकच्या नळ्यांतून पाणी टपकत होतं, तेवढाच आवाज. एसी चालू होता, तरी गाडीत जळक्या ब्रेकचा वास भरत होता. घाटात लांब उतारावर ट्रकच्या चाकांना येतो तो वास.

मोनालीचे डोळे आरशात होते. हात मात्र स्टिअरिंगवर इतके स्थिर की जणू ती वर्षानुवर्षं चालवत आहे.

"मामा..." ती हळू आवाजात म्हणाली.

"समोर बघ, मोनाली."

"मामा, एक विचारू? ब्रेक दोनदा दाबायचा असतो, हे तुम्ही पप्पांना का नाही सांगितलं?"

माझ्या कानांत रातकिडे ओरडायला लागले. "कोणी... कोणी सांगितलं तुला हे?"

"मागे बसलेत ना, ते."

वळून पाहायची माझी हिंमत झाली नाही. मानेवर गरम श्वास लागत होता की उन्हाची झळ होती, सांगता येत नाही. मी म्हणालो, "गाडी थांबव." तिनं केळीच्या सावलीत गाडी घेतली, हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं. आणि मी समोरच्या काचेकडे बघत सगळं सांगितलं. आठ दिवस मला माहीत होतं ते. दारात विचारलं तेव्हा मी काय उत्तर दिलं ते. पोलिसांना काय सांगितलं ते. कोणाला सांगत होतो? तिला की मागच्या सीटला? मला त्या वेळी फरक कळत नव्हता.

मोनाली म्हणाली, "म्हणजे पप्पा प्यायलेले नव्हते."

"नाही बेटा."

"झोपही लागली नव्हती."

"नाही."

तिनं ओढणीनं तोंड पुसलं. "हे आईला सांगा. आत्ताच्या आत्ता." तिनं गाडी वळवली. येताना तिनं एकदाही आरशात पाहिलं नाही. ती माझ्याकडंही पाहत नव्हती.

ताई तिच्या जुन्या मशीनवर ब्लाउज शिवत होती. मी उंबऱ्यातच उभा राहिलो आणि पुन्हा तेच सगळं सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. मशीनचं चाक थांबलं. ताई रडेल, मारेल, माझ्या अंगावर कात्री फेकेल, यातल्या कशालाही मी तयार होतो.

ती शांतपणे म्हणाली, "ब्रेकचं मला माहीत आहे. त्यांनी फोन केला होता."

"कधी?"

"घाटाच्या आधी चहाला थांबले होते, तिथून. म्हणाले, पेडल खाली बसतंय गं, काहीतरी गडबड आहे. मास्तर मागं बसलाय, त्याला दोनदा विचारलं, तर सांगत काही नाही. नुसता हसतो."

मला तिचे शब्द कळत होते, अर्थ लागत नव्हता. "ताई, मी शाळेत होतो. माझा तास चालू होता."

"ते मला काय माहीत? मला वाटलं, रस्त्यात कुठं तुला घेतलं असेल. मागून तुझं हसणं मी माझ्या कानांनी ऐकलं, सुधाकर. आणि संध्याकाळी तू आलास तो इस्त्रीच्या कपड्यांत. अंगावर एक ओरखडा नाही." तिनं हातातलं कापड बाजूला सारलं. "मी कोणाला काही बोलले नाही. भाऊ आहेस माझा. घाबरून पळाला असेल म्हटलं, आज ना उद्या सांगेल. दोन वर्षं तुला जेवू घातलं आणि तुझ्या तोंडाकडे बघत राहिले, की आज सांगेल, आज सांगेल..."

"ताई, देवाशपथ, मी त्या गाडीत नव्हतो."

"आताही खोटं बोलतोस?" ती उठली. "जा तू. पुन्हा या घराची पायरी चढू नकोस."

मी गाडीची चावी तिथंच मशीनवर ठेवली आणि पायी घरी आलो.

नंतर एक गोष्ट केली. पोलिसांकडे जाऊन माझा जबाब बदलून दिला. पुढं काय व्हायचं ते होवो. गल्लीतल्या माणसांनाही एकेकाला सांगितलं की जीवनदाजींची चूक नव्हती, माझी होती. काहींनी माझ्याशी बोलणं सोडलं. शाळेत मुलं माझ्याकडे बघून कुजबुजतात. ते बरंच वाटतं मला. मोनाली टेस्ट पहिल्याच फटक्यात पास झाली, हे दुसऱ्याकडून कळलं. गाडी आता तीच चालवते. मला वाटलं होतं, दाजी सुटले. आणि थोडासा मीही.

ताईच्या घराकडे मी पाच महिन्यांत फिरकलो नाही. त्या गल्लीतूनही जात नाही.

गेल्या बुधवारी दिवेलागणीला मी स्वयंपाकघरात एकटाच भात लावत होतो. मोनालीचा फोन आला. इतक्या दिवसांनी तिचं नाव दिसलं, मी लगेच उचलला.

"मामा, तुम्ही कुठे आहात?"

"घरी. का गं?"

"नक्की घरी? मामा, खरं सांगा."

"कुकर लावतोय. काय झालं?"

ती अगदी तोंडाशी हात धरून बोलत असावी. "आमच्या ओट्यावर बसलेत. रोज येतात या वेळेला. आई दार लावून आत बसते. तिला वाटतं तुम्ही माफी मागायला येता..."

"कोण बसलंय? दाजी?"

"पप्पा कशाला असतील? मी कधी म्हटलं की मागे पप्पा बसतात?"

कुकरखालचा गॅस मी बंद केला. घर एकदम शांत झालं. तिकडून फोनमध्ये गल्लीतले आवाज येत होते, कोणाची तरी मोटरसायकल, एक कुत्रं, आणि त्यांच्या अलीकडे, फोनच्या फार जवळ, आणखी काहीतरी.

"मामा," मोनाली रडवेली होऊन म्हणाली, "निदान हसू तरी नका ना."

मी हसत नव्हतो.