लाल रेघेचं झाकण

साडेदहाला शाळेच्या ऑफिसात फोन आला. पहिलीतल्या मुलीच्या आईचा. घशातला संसर्ग रक्तात उतरला होता आणि मुलगी आयसीयूत होती. आणखी चार मुलं त्याच दुखण्याने घरी पडून होती.

आईने नर्सबाईंनाच फोनवर बोलावलं. आवाज चढवला नाही, रडली नाही. "सकाळी फाटकावर तुम्हीच ताप बघता ना? मग हे आलं कुठून, तेवढं मला सांगा." नर्सबाईंनी शब्द दिला.

बारा वर्षं त्यांनी ते काम डोळ्यांत तेल घालून केलं होतं. औषधाचं माप चुकू नये म्हणून प्रत्येक बाटलीच्या झाकणावर पाच मिलीपाशी नेलपॉलिशची लाल रेघ. शाळेत तशीच, घरीही तशीच. लोक हसायचे, हसोत बापडे!

त्यांनी रजिस्टर उघडलं. पाच मुलं, पाच वेगळे वर्ग. ना एक बाक, ना एक डबा. सारख्या गोष्टी दोनच होत्या. सगळी तीन नंबरच्या बसची, आणि सगळी सकाळी आठला थंडगार, दुपारी बाराला फणफणलेली.

त्यांची नात ठमीही त्याच बसची. पंधरवड्यापूर्वी तिचाही घसा धरला होता, पण फाटकावर ताप नव्हता आणि चार दिवसांत ती उड्या मारायला लागली. आपली तरी सुटली, असं मनात आलं आणि नर्सबाईंना स्वतःचीच लाज वाटली.

ताप असा घड्याळ लावून चढत नाही. औषधाचा अंमल उतरला की चढतो. त्यांनी पाचही घरी फोन केले. घरी औषध दिलं नाही, असं पाचही जणांनी शपथेवर सांगितलं. ते खोटं बोलत असावेत असं वाटेना. मग घर आणि फाटक यांच्यामध्ये उरली फक्त बस.

मुलांना चढवणारी-उतरवणारी मावशी बसमध्येच सीट पुसत होती.

"सकाळी पोरांना औषध तुम्ही देता?"

मावशी सीट पुसतच राहिली.

"मावशी, एक पोर मरणाच्या दारात आहे."

"आया बाटल्या देतात," मावशी म्हणाली. "त्यांना रजा मिळत नाही, आणि तुम्ही ताप दिसला की परत पाठवता. त्यांनी करायचं काय?"

"पाजता कशाने?"

मावशीने पिशवीतून मापाचं झाकण काढलं. एकच. दरवेळी रुमालाने पुसते, असं तिने सांगितलं. नर्सबाईंनी ते उजेडात धरलं आणि कागदात गुंडाळून ऑफिसात नेलं.

शाळेच्या कपाटातली झाकणं त्यांनी मोजली. सगळी जागेवर होती. मग त्या दहा मिनिटं घरी जाऊन आल्या.

तीन वाजता मुख्याध्यापिकांच्या खोलीत मावशी उभी होती. नर्सबाईंनी ठमीच्या आजोबांना, म्हणजे आपल्या नवऱ्याला, बोलावून घेतलं होतं. यांना कशाला, असं मुख्याध्यापिकांनी विचारलंच.

"औषधाने ताप झाकला, म्हणून मला फाटकावर कळला नाही," नर्सबाई म्हणाल्या. "साध्या सर्दीतापाची पोरंही बसमध्ये औषध घेत होती. एकाच्या तोंडचं झाकण दुसऱ्याच्या तोंडी गेलं, आणि घशाचा संसर्ग पसरला. पण हे झाकण त्या आयांपैकी कुणाचंच नाही." त्यांनी ते टेबलावर ठेवलं. पाच मिलीपाशी लाल रेघ होती. "आमच्या घरातल्या बाटलीचं झाकण गायब आहे."

आजोबांनी मान खाली घातली.

"माझ्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख होती," ते म्हणाले. "आठ महिन्यांनी मिळालेली. ठमीला तापात ठेवायचं कुणाकडे? म्हणून बाटली मावशीकडे दिली. तुला सांगितलं असतं तर तू परत पाठवली असतीस."

"पाठवली असती."

सगळ्यांत आधी झाकण ठमीच्या तोंडाला लागलं होतं. बाटली परत गेली, झाकण राहिलं. मावशीने ते का ठेवून घेतलं, तेही तिने सांगून टाकलं. झाकणांवरचे बारीक आकडे तिला दिसत नव्हते, रेघ मात्र लख्ख दिसायची. माप चुकायला नको, म्हणून.

नर्सबाईंनी कोरा कागद पुढे ओढला.

साथीचा अहवाल लिहायचा होता. पहिल्या रुग्णाच्या रकान्यात त्यांनी नातीचं पूर्ण नाव घातलं. हे उद्याही चालेल, असं मुख्याध्यापिका हळूच म्हणाल्या, पण नर्सबाईंनी सही करून कागद त्यांच्याकडे सरकवला.

मग त्यांनी हॉस्पिटलला फोन लावला. मुलीची आई लगेच फोनवर आली. मुलगी अजून डोळे उघडत नव्हती.

"कळलं का, कुठून आलं?"

"कळलं," नर्सबाई म्हणाल्या. "माझ्या घरातून."