द्रोणातली पेज

बस ना बाई, चहा होते तवर सांगते. आमच्या निशाचं अपेंडिक्सचं ऑपरेशन चंद्रपूरले झालं. मे महिना, सहा वर्षांची पोरगी. तिचे बाबा घुग्घुसच्या खाणीत ड्युटीवर, म्हणून वार्डात तिच्यापाशी मी एकटीच. दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरनं वाटीभर पातळ पेज आणून दिली. म्हणे, "चमचा चमचा पाजा. पोटात लवकर गेलं का अंगात ताकद येते, जखम भरते."

मी हाव म्हटलं, पण पाजली नाई. भातानं टाके पिकतात, असं माझ्या आईनं सांगून ठेवलं होतं. अन् सिस्टर तर कालची पोरगी, तिले लेकराचं काय समजते? वाटी रिकामी दिसावी म्हणून पिशवीतल्या पळसाच्या द्रोणात पेज ओतली अन् खाटेखाली सरकवली.

दुपारी सगळा वार्ड पेंगून राह्यला होता. वरचा पंखा करकर करे. मलेही डुलकी लागली. जागी झाली तर निशाच्या ओठाले पेज लागली होती. वाकून पाह्यलं, द्रोण कोरडा.

"कोणी पाजली वं?"

"त्या बाईनं. फुकून फुकून देते."

माझ्या अंगाची आग झाली. शेजारच्या खाटेवरची रंजीता सकाळपासून आपल्या पोराले भरवून राह्यली होती, मोठी शहाणी. माझ्या पोरीले हात लावणारी ही कोण? मी तिच्यावर तोंड सोडलं.

"रीताबाई, मी तर खाटेवरून उठलीच नाई," ती हळूच म्हणे.

खोटारडी, असं मले वाटलं. दुसऱ्या दिवशी चोरी पकडायची म्हणून मुद्दाम द्रोण भरून ठेवला अन् डोळे मिटून पडली. बऱ्याच वेळानं चुलीच्या धुराचा वास आला. दवाखान्यात चूल कुठली? मंग माझ्या कानापाशी फू... फू... अन् निशा हसली. ऑपरेशन झाल्यापासून माझ्यासंगं ती एकदाही तशी हसली नव्हती. डोळे उघडले. रंजीता घोरत होती. खाटेपाशी कोणीच नाई, अन् निशाची हनुवटी कोणी बोटांनी धरल्यासारखी दबली होती.

तेवढ्यात फरशी पुसायले ठमाबाई आली. द्रोण पाहून तिचा हात थांबला.

"द्रोणात काढून बाजूले ठेवलं... असं आपण कोणाच्या नावानं ठेवतो, ठाऊक नाई तुले?"

ठाऊक होतं. गेलेल्या माणसाच्या नावानं ठेवतो. घाईत ध्यानातच आलं नाई.

"इथी एक माय होती," ठमाबाई म्हणे. "टाके पिकतील म्हणून लेकराले चार दिवस उपाशी ठेवलं तिनं. लेकरू गेलं... मंग तीही गेली."

खरं म्हणजे मी भ्यायले पाह्यजे होती. पण भीती मागून आली, आधी आला तो राग. स्वतःचं लेकरू उपाशी मारून आता माझं घेते का? द्रोण फाडून फेकला, नवीन पेज मागितली, चमचा धरला. निशानं तोंड मिटलं.

"तू नको. तू फुकत नाईस."

मी फुकून दिली. तरी नाई.

त्याच्या दुसऱ्या दिवशी डॉक्टर पोट पाहून म्हणे, "वा, आईनं वेळेवर खाऊ घातलं, म्हणून लवकर उभी राह्यली." मी मान हलवली. दुसरीची शाबासकी घेतली अन् वरून तिचाच राग राग केला.

घरी येऊन महिना झाला. भात मीच रांधते, पण माझ्या हातचा घास निशा घेत नाई. शेवटी हरते, द्रोण भरून तिच्यापाशी ठेवते अन् पाठ फिरवून बसते. पोरगी गुबगुबीत झाली आहे. शेजारणी मलेच विचारतात, काय खाऊ घालते वं?

काल सकाळी ती ओसरीत बसली होती. "आई," अशी हाक आली. मी पिठाच्या हातानं धावत गेली, "काय बेटा?"

निशानं माझ्याकडे पाह्यलंही नाई. भरला द्रोण समोर होता.

"तुले नाई," म्हणे.